अकरा वर्षांच्या मशीनचा निर्णय

गेल्या ऑगस्टात, गणपती आठवड्यावर आलेले असताना, एका दिवाळी अंकाची पानं लावता लावता माझं मशीन अडकलं. पडदा चालू, बाण जागच्या जागी, पण काही केल्या हलेना. १९२ पानांपैकी १३० लागली होती आणि शेवटचं सेव्ह वीस मिनिटांपूर्वीचं. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा एरवी लुकलुकतो, तो सलग पेटलेला. आतून कट्… कट्… असा आवाज येत होता, अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसा. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सात-आठ मिनिटांनी बाण हलला. पहिलं काम सेव्हचं केलं, मग उठून पाणी प्यायले.

डोंबिवलीत घरूनच मी डीटीपी करते, बावीस वर्षं झाली. दिवाळी अंक, कवितासंग्रह, शाळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका. हे मशीन २०१४ साली असेंबल करून घेतलं. इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय३, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मॉनिटर धरून सव्वीस हजार पडले होते आणि ते मी तीन हप्त्यांत फेडले होते. मुलाच्या बारावीच्या क्लासची फी या मशीनवरच्या कामातून गेली. दर खंडेनवमीला कॅबिनेटवर हळदीकुंकवाचं बोट लावते. पुसलं तरी वरच्या कोपऱ्यात पिवळसर डाग राहतोच.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन चालू केलं, सुरू व्हायला लागणारा वेळ बघितला आणि झाकणही न उघडता निकाल दिला. “मॅडम, यात आता काही राहिलं नाही. विंडोज १० पण ऑक्टोबरात बंद होतंय. नवीन घ्या, जुन्याचे हजार रुपये देतो.” संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन आलं: ३९ हजार, मॉनिटर जुनाच. घरी यांचंही तेच. “घेऊन टाक ना. हंगामात मशीन बसलं तर काय करशील?” म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ३९ हजार म्हणजे माझ्या हातचे दोन दिवाळी अंक. आणि नेमकं काय बिघडलंय हे एकानंही सांगितलं नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा इंजिनीअरिंगला आहे, तो म्हणाला, “काकू, दुखतंय कुठे ते तर कळू दे. मग औषध ठरवू.”

दोन संध्याकाळी आम्ही फक्त मोजलं. जुन्या डायरीत तारीख टाकून आकडे लिहिले. बटण दाबल्यापासून फाइल उघडता येईपर्यंत चार मिनिटं पन्नास सेकंद. ब्राउझर उघडायला पंचेचाळीस सेकंद. १९२ पानांची पीडीएफ काढायला सहा मिनिटं दहा सेकंद. मग टास्क मॅनेजर उघडा ठेवून मी नेहमीसारखं काम करत राहिले आणि तो शेजारी बसून बघत राहिला. प्रोसेसर बहुतेक वेळ वीस-पंचवीस टक्क्यांवर. डिस्क मात्र शंभर टक्के, मिनिटामागून मिनिट शंभर टक्के. मशीन हळू आहे म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला, अशी माझी पक्की समजूत होती. प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसला होता. पीडीएफ काढताना तेवढा तो नव्वदच्या वर गेला. ही एक नोंद पुढे कामाला आली.

रॅमचा तर वेगळाच उलगडा झाला. सिस्टिमच्या माहितीत लिहिलं होतं: ४ जीबी, त्यातली वापरता येण्याजोगी ३.१९ जीबी. मशीनमध्ये मुळात ३२ बिटचं विंडोज ७ टाकलेलं होतं, त्यावरूनच पुढे विंडोज १० झालं, म्हणून तेही ३२ बिटचंच. ३२ बिटला चार जीबीच्या पलीकडचं दिसतच नाही. म्हणजे २०१९ मध्ये मी सरळ बाजारात जाऊन जादा रॅम बसवली असती, तर ते पैसे पाण्यात गेले असते. त्या वर्षी मी खरंच विचारत होते, पण एका स्मरणिकेचे पैसे अडकले म्हणून राहून गेलं. रॅम कमी पडली की विंडोज उरलेलं ओझं हार्ड डिस्कवर टाकतं, आणि डिस्क आधीच दमलेली. दोन दुखणी एकमेकांना वाढवत होती.

मग त्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवत असते, ती यात वाचता येते. पिवळा चौकोन आला. चालू राहिल्याचे तास २७,४१२. खालच्या ओळीत खराब झाल्यामुळे बाजूला काढलेल्या सेक्टरांची संख्या. ती शून्य असायला हवी, ती नव्हती. “काकू, हे आजच कॉपी करा,” तो म्हणाला. आवाज बदललेला होता.

मशीन ठेवायचं की काढायचं हा प्रश्न तिथेच बाजूला पडला. त्या डिस्कवर माझी अकरा वर्षं होती. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली, तेव्हाच्या फाँटमध्ये कंपोज केलेल्या. आजचे लेखक युनिकोडमध्ये मजकूर पाठवतात, पण २०१६ चा एखादा कवितासंग्रह दुसऱ्या आवृत्तीला आला की जुनी फाइलच उघडावी लागते. फाँटचं ते सॉफ्टवेअर यूएसबीत खोचायच्या लॉकवर चालतं, लॉक लावल्याशिवाय अक्षरं दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळून १ टीबीची बाहेरून लावायची डिस्क आणली आणि तीन रात्री कॉपी लावून ठेवली. १८ फाइली वाचता आल्या नाहीत. त्यातल्या पंधरा लग्नपत्रिका होत्या. एक शाळेची स्मरणिका, तिची छापील प्रत कपाटात आहे. उरलेल्या दोन कशाच्या होत्या ते नावावरून कळलं नाही, आणि हे मला अजून छळतं.

हंगामात मशीनला हात लावायचा नाही असं ठरवलं. सप्टेंबर संपेपर्यंत दर अर्ध्या तासाला सेव्ह, आणि रोज रात्री त्या दिवसाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर. अंक प्रेसला गेला. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी खंडेनवमी होती. पूजेआधी मी कॅबिनेट गॅलरीत नेलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच झाकण स्वतः उघडलं.

आत धुळीची चक्क गोधडी होती. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या असतात, त्यांच्यामधली फटच दिसत नव्हती. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर वाऱ्यानं तो उलटा गरगरतो आणि बेअरिंग जातं, हे समोरच्या मुलानं आधीच सांगून ठेवलं होतं. पंखा काढला तर खालची, प्रोसेसरची उष्णता वर नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, रबरावर काळं उतरलं. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर एकेक करून पाहिले. एखाद्याचं डोकं फुगलेलं असतं तर हिशेब तिथेच संपला असता, कारण अकरा वर्षांच्या बोर्डला तसलाच बोर्ड शोधत फिरण्यात अर्थ नाही. सगळे सपाट होते. मशीन चालू करताना तारीख दर वेळी मागे जायची, त्यासाठी सीआर२०३२ ची नाण्यासारखी बॅटरी बदलली, चाळीस रुपयांची. काम करताना प्रोसेसरचं तापमान ८४ अंशांपर्यंत जायचं, ते ५८ वर आलं. एकूण खर्च अडीचशेच्या आत. मग हळदीकुंकू वाहिलं.

यानं वेग वाढला नाही, हे सांगायला हवं. चार मिनिटं पन्नास सेकंदांची चार मिनिटं चाळीस झाली. पण बोर्ड धडधाकट आहे एवढं कळलं, आणि पैसे घालायचे का याचा विचार करायला तेवढं पुरेसं होतं.

आता हिशेब. एक रस्ता नव्या मशीनचा. दुसरा, याच बोर्डवर जेवढं चढतं तेवढं चढवायचं: एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी जलद डिस्क), १६ जीबी रॅम आणि सेकंड हँड कोअर आय७, चौथ्याच पिढीचा. या बोर्डच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि चार कोअरचा आहे, माझा दोन कोअरचा. सगळं मिळून दहा हजारांच्या आसपास. तिसरा रस्ता नुसत्या एसएसडीचा आणि थोड्या रॅमचा.

आय७ चा मोह मला बरेच दिवस होता. पीडीएफ काढताना प्रोसेसर नव्वदच्या वर जातो हे डायरीत लिहिलेलं होतंच, तिथे तो नक्की उपयोगी पडला असता. पण विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीचा आय३ असो की आय७, दारातून दोघंही परत. तपासणी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत, मुलानं दाखवल्याही. पण पुढचं एखादं अपडेट येईल की नाही याची खात्री नसलेलं मशीन मी पोटापाण्याच्या कामाला वापरणार नाही. लिनक्सचंही बोललो. जुन्या मशीनवर ते छान चालतं, पण माझं लॉक आणि पेजमेकर तिथे नेणं मला झेपणारं नव्हतं.

मग मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायला लागले: हे मशीन गेलं की तू पुढे माझ्याबरोबर येणार का? एसएसडी येणार, ती बोर्डला जोडायची साटाची केबल नव्या बोर्डलाही लागते. बाहेरची डिस्क येणार. माझ्या बोर्डला चालणारी डीडीआर३ जातीची रॅम येणार नाही, नव्या बोर्डांना डीडीआर४ किंवा डीडीआर५ लागते, खाचच जुळत नाही. आय७ तर मुळीच येणार नाही. म्हणून एसएसडीला हात सैल सोडायचा, रॅमला आखडता, आणि आय७ नाहीच. नवा बोर्डही नाही, कारण माझ्या विंडोज १० चा परवाना बोर्डला बांधलेला आहे. बोर्ड तोच असेल तर ३२ बिटच्या जागी ६४ बिटचं विंडोज नव्यानं टाकलं तरी परवाना आपोआप लागू होतो.

विंडोज १० चं ‘बंद’ होणं म्हणजे काय तेही नीट वाचून घेतलं. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मशीन चालायचं थांबत नाही, सुरक्षेची अपडेट थांबतात. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं ती आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली आहेत. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन करून नाव नोंदवावं लागतं, आणि सेटिंगचा बॅकअप त्या खात्यावर ठेवला तर पैसे पडत नाहीत. दुरुस्तीवाल्यानं हे सांगितलं असतं तर मी ऑगस्टात एवढी घाबरले नसते.

नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. डोंबिवलीहून फास्टनं दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. जाताना नव्या मशीनचं कोटेशनही पुन्हा विचारून ठेवावं म्हटलं. तेच मशीन ३९ वरून ४४ हजारांवर गेलेलं. १६ जीबी डीडीआर४ रॅम ऑक्टोबरात साडेचार हजारांना मिळत होती, ती आठच्या पुढे. दुकानदार म्हणाला, एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते, कारखान्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलंय, रोज सकाळी नवा भाव येतो. त्या गर्दीत उभं राहून मला पहिल्यांदा बरं वाटलं की मी घाईनं काही घेतलं नाही, आणि लगेच हेही वाटलं की पुढच्या वर्षी याहून महाग पडलं तर?

एसएसडी ४८० जीबीची घेतली, चांगल्या नावाची, तीन वर्षांच्या वॉरंटीची, साडेतीन हजारांना. डीडीआर३ ची ८ जीबीची नवी पट्टी दुसऱ्या दुकानात हजारात मिळाली. एवढी स्वस्त का, हे मी विचारायला हवं होतं. घरी येऊन बसवली. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पडदा काळा. काढली, रबर मारलं, खाच बदलली, तरी काळा. पोटात गोळा आला. जुनी पट्टी लावली की चालू. शेवटी मुलानं पट्टीवरचं बारीक अक्षर टॉर्च धरून वाचलं: फक्त एएमडी बोर्डसाठी. डीडीआर३ च्या अशा स्वस्त ८ जीबी पट्ट्या बाजारात असतात. त्यांची चिपची मांडणी वेगळी असते, इंटेलच्या बोर्डांना ती चालत नाही. आकार तोच, खाच तीच. पुन्हा ग्रँट रोड. दुकानदारानं आधी ऐकलं नाही, मग बिलावर मी आधीच लिहून घेतलेलं ‘एच८१ बोर्डसाठी’ दाखवलं तेव्हा तीनशे जास्त घेऊन बदलून दिली. बिलावर बोर्डचं नाव लिहून घ्यायची ही सवय मला प्रेसच्या कागदाच्या बिलांवरून लागलेली आहे.

एसएसडी लावताना आणखी एक गोष्ट हातची गेली असती. ६४ बिटचं विंडोज टाकलं, सगळं झालं, मशीन पळायला लागलं, मी खूश. मुलानं वेग मोजला तर सेकंदाला २७० एमबी. एसएसडी तर पाचशेच्या वरची. एच८१ बोर्डवर साटाचे चार पोर्ट असतात, त्यातले दोनच जलद गतीचे, बाकी दोन निम्म्या गतीचे. आम्ही जुन्या डिस्कची केबल होती तिथेच, हळू पोर्टात, लावली होती. केबल दोन बोटं बाजूला सरकवली, ५२५ झाले.

डायरीत ऑगस्टच्या आकड्यांशेजारी नवे लिहिले. सुरू व्हायला चौतीस सेकंद. ब्राउझर चार सेकंद. पीडीएफ पाच मिनिटं पाच सेकंद, म्हणजे तिथे फारसा फरक नाही, आणि पडणारही नव्हता. ती वेळ प्रोसेसरची आहे. पीडीएफ लावून मी भाजी निवडायला जाते, पूर्वीही जायचे. फरक दिवसभराच्या कामात आहे. एका खिडकीतून दुसरीत जाताना आता थांबावं लागत नाही, पान उलटलं की उलटतं. संपादक फोनवर असताना “ताई, त्या लेखाचं पान बघा जरा” म्हणाले की मी “एक मिनिट हं” म्हणायचे, ते म्हणणं बंद झालंय.

लॉक मात्र चालेना. ६४ बिटसाठी त्याचा ड्रायव्हर वेगळा होता. फाँट देणाऱ्या कंपनीत फोन लावला, तिथल्या बाईंनी मेलवर पाठवला. तो टाकला आणि २०१६ चा तो कवितासंग्रह उघडून बघितला. पहिल्या पानावर आधी चौकोन चौकोन दिसले, मग एकदम अक्षरं भरली, वेलांट्या-रफार जागच्या जागी. त्याचे कवी आता नाहीत. त्यांच्या मुलीला दुसरी आवृत्ती काढायची आहे. मी तिला तेव्हाच फोन केला.

बाहेरची डिस्क सोडून एकूण पाच हजारांच्या थोडं वर गेले. हे कायमचं नाही, हे मला पैसे देतानाच माहीत होतं. मी एक वर्ष विकत घेतलंय. त्यानंतर हे मशीन इंटरनेट काढून जुन्या फाइलींसाठी राहील, लॉक आणि पेजमेकरसकट, आणि रोजचं काम नव्यावर जाईल. दर महिन्याला चार हजार वेगळे काढते आहे.

नवं कधी घ्यायचं ते मी आधी दसऱ्यावर टाकलं होतं. नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं आणि ऑक्टोबरचं पान उघडलं. १३ तारीख मंगळवार, नवरात्रातली. दसरा २० ला. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे दिवाळी थेट ८ नोव्हेंबरला. म्हणजे अपडेट संपतील तेव्हा दिवाळी अंकाचं काम माझ्या हातात अर्धवट असणार, आणि भर हंगामात मशीन बदलायचं नाही हे तर मी गेल्या वर्षीच ठरवलंय. तेव्हा हंगामाच्या आधीच. जूनमध्ये घ्यावं म्हटलं तर अधिक महिना १५ जूनला संपतो, आणि अधिकात नवी वस्तू घरात आणलेली सासूबाईंना चालणार नाही. १६ जूनवर पेन्सिलनं गोल केलाय. पहिला मजकूर जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो.